झटका मशीनचा पॉट

संघप्रियाला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या बोरी गावाला ठाऊक. बसस्टँडजवळच्या तिच्या दुरुस्तीच्या दुकानात मिक्सर येतात, पंखे येतात, भजनी मंडळाचे भोंगे येतात, आणि दुरुस्त होऊन गेलेल्या प्रत्येक वस्तूचा घोर हिच्या जिवाला लागून राहतो. गिऱ्हाईक घरी पोचून चहा पीत असतं, तरी हिच्या डोक्यात भुंगा चालूच. स्क्रू आवळला का? वायर उघडी तर राहिली नाही? बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. त्या दिवशी मात्र झालं होतं.

सकाळी माणिकराव झटका मशीन घेऊन आले. डुकरांनी भुईमूग उकरून माणसाला नुसतं बेजार केलेलं. हे मशीन रानाभोवतीच्या तारेत झटका सोडतं, जरा थांबतं, पुन्हा सोडतं. त्या थांबण्यातच सगळी मेख आहे. तेवढ्या उसंतीत तारेवरचा हात सुटतो. ही उसंत कमीजास्त करणारं बटण, म्हणजे आतला पॉट, जळून गेला होता, आणि तो किती ताकदीचा ते सांगणारा त्यावरचा आकडाही. बटण पुढं फिरवलं की पॉटचा अडथळा कमी होतो आणि झटके घाईनं पडतात. संघप्रियानं बटण मधोमध धरून हिशेब केला आणि हाताशी होता तो दोनशे वीस केचा, म्हणजे किलोओहमचा, पॉट बसवून दिला.

"मामा, बटण मधी ठेवा बरं का."

"ठेवतो की," म्हणत माणिकराव फटफटीवर निघून गेले.

दुपारी डबा खाताना तिची नजर समोरच्या रसवंतीतल्या कूलरवर गेली. बटण फुल्ल. शेजारच्या हॉटेलातला पंखा फुल्ल. तिचा घास तोंडातच राहिला. आपल्याकडं बटण मधी ठेवतं कोण? शेवटापर्यंत पिळल्याशिवाय माणसाचं समाधान होत नाही. आणि तिच्या पॉटनं शेवट गाठला की अडथळा जवळजवळ उरतच नव्हता. मग झटक्यावर झटका, मधे उसंतच नाही. तार धरली त्याचा हात सुटायचा नाही.

त्यात माणिकरावांच्या बांधावरून कुसुमबाई रोज शेळ्या नेते. मशीन बंद पडल्यापासून तिला सवय लागलेली, शेळी रानात घुसली की खुशाल हातानं तार वर करायची आणि तिला ओढून काढायची.

संघप्रियानं माणिकरावांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग डबा तसाच टाकून, हत्यारांची पिशवी उचलून तिनं स्कूटी काढली. वाटभर ती स्वतःलाच शिव्या घालत होती. अगं भवाने, मधोमधचा हिशेब केलास तो कुणासाठी?

माणिकराव लिंबाखाली मशीनपाशी खुशीत बसले होते. मशीन सलग कडकडत होतं. दूर तारेच्या टोकाला कुसुमबाई शेळीला हाका मारत वाकलेली. संघप्रिया धावली आणि तिनं बॅटरीची वायरच उपटली.

"अगं, बंद कामून केलं? आत्ता कुठं झकास चालायलंय. फुल्ल ठेवलंय म्या."

"दिसायलंय, मामा."

तिकडं कुसुमबाईनं तार वर केली, शेळीचा कान धरून तिला बाहेर ओढलं आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढं निघून गेली. तिला काही पत्ताच नव्हता. संघप्रिया तिथंच ढेकळांत बसली. आपल्या हातून आज माणूस गेलं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग तिनं पिशवी उघडली. त्याच बॅटरीवर सोल्डरगन तापवली, तो पॉट काढून टाकला. आता सत्तेचाळीस केचा छोटा पॉट घेतला आणि त्याच्या अलीकडं एकशे वीस केचा पक्का रेझिस्टन्स जोडला. पॉट शून्यावर गेला तरी एवढा अडथळा हटणार नव्हता.

"आता कितीबी पिळा," ती म्हणाली.

"मग डुकरं भितील का? जोर कमी झाला न्हाई ना?"

"जोर तेवढाच हाय, मामा. घाई तेवढी कमी केली."

माणिकरावांचा चेहरा काही खुलेना. तिच्याही मनाला पटेना. कागदावरचा हिशेब सकाळीही बरोबरच होता की! तिनं बॅटरीची वायर पुन्हा जोडली, बटण फुल्ल फिरवलं, चपला काढून उघड्या मातीत उभी राहिली आणि माणिकराव "अगं अगं" करेपर्यंत तार मुठीत धरली.

झटका खांद्यापर्यंत गेला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण पुढचा झटका यायच्या आत तिचा हात सुटला होता.