चौथी वही

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बारामतीकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर माझे कितीतरी हंगाम गेले. उसाच्या गाडीत मातीची ढेकळं निघतात, वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असतं, आणि जो देवाची शपथ घेतो त्याची गाडी आम्ही दोनदा तपासतो. ही नजर घरी येताना काट्यावर ठेवून येता येत नाही. बायको म्हणायची, "तुमी देवळात गेला तरी आदी चप्पल कोण उचलतंय ते बघता, मग देव." खोटं नव्हतं ते.

माझे वडील, आबा, सांगवीतले बिरोबाचे ओवीकार. आमची मेंढरं गेली, ऊस आला, पण जत्रेत ढोल वाजला की देवाचं सुंबरान गायला आबाच पुढं बसायचे. एक जण ओवी उचलतो, मागचे झील धरतात, आणि देवाची कथा पुढं सरकते. या ओव्यांचं पुस्तक करायचं मी मनावर घेतलं. हंगामात दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काट्यावर बसून लिहायचं, सुट्टीला आबांना गायला लावायचं, असं करत नव्वद सालानंतरच्या तीनचार वर्षांत तीन वह्या भरल्या. चौथीत शेवटची ओवी चालू असतानाच आबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. देव मेंढरं घेऊन पाण्यावर पोचतो, तिथं कथा अडकली. आबांच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हावं, एवढंच मी बिरोबाकडे मागत होतो.

पुण्यातले एक प्रकाशक वाचायला तयार झाले. साठीतले शांत गृहस्थ. मी त्यांना तीनच वह्या दिल्या, त्याही पानापानावर सही करून आणि पोहोच लिहून घेऊन. चौथी पिशवीतच ठेवली. हा माणूस सगळं स्वतःच्या नावावर छापील, ही धास्ती होती. ती वही अर्धी आहे, याची लाजही होती. महिन्याभराने त्यांनी बोलावलं. म्हणाले, "फार चांगलं आहे, पण गोष्ट मध्येच थांबते. शेवट आणा, लगेच कामाला लागू." मला वाटलं, बघा, याला सगळंच हवंय. मी वह्या उचलल्या आणि भिगवणची पॅसेंजर गाठली.

दौंडला एक म्हातारा चढला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला तांबडं पागोटं. जागा असूनही तो दाराशी खाली बसला आणि गुणगुणायला लागला. मी कान टवकारले. देव मेंढरं घेऊन पाण्यावर आला होता. माझ्या चौथ्या वहीतली ओवी! प्रकाशकानं फोडली, हा पहिला विचार. पण ती वही त्यांनी पाहिलीच नव्हती. मग आबांच्या झीलकऱ्यांवर संशय गेला. मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि दरडावलं, "ही ओवी कुठून आणली?"

"कुठनं म्हंजी?" तो हसला. "बिरोबाची हाय. माज्या बापाची हाय का तुमच्या? येत आसल तर बसा, झील धरा."

मी बसलो. आबा थांबले होते ती ओळ आली, गेली, आणि म्हातारा पुढं गात राहिला. मी वही काढून हलत्या गाडीत लिहीत सुटलो. त्यानं कशासाठी लिहिता म्हणून विचारलं नाही. भिगवणला तो उतरला आणि मासळीच्या पाट्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

घरी पोचेपर्यंत संशय पुन्हा जागा झाला. म्हाताऱ्यानं मनचं रचून माझ्या गळ्यात बांधलं नसेल कशावरून? दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची बाज अंगणात होती. मी ती ओवी त्यांच्यापाशी म्हणू लागलो, आणि पारख व्हावी म्हणून मध्ये माझी स्वतःची एक ओळ घुसडली. बायकोच्या लक्षात आलं. "बापाची परीक्षा घेताय व्हय?" ती म्हणाली. मी थांबलो नाही. आबांचा डावा हात बाजेच्या काठावर ढोलाचा ठेका धरत होता. म्हाताऱ्याच्या ओळींवर तो चालत राहिला. माझ्या ओळीवर थांबला. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ती ओळ सोडून पुढची म्हटली. हात पुन्हा चालू लागला. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही.

त्याच दिवशी चारही वह्या मी टपालानं पाठवल्या. नक्कल ठेवली नाही, पोहोच मागितली नाही. मनात म्हटलं, देवा, तुझं तू बघ. पंधरा दिवसांनी प्रकाशकांचं पत्र आलं. शेवटची काही पानं वेगळ्याच हातची वाटतात, कुणाची आहेत, असं त्यांनी विचारलं होतं. ते वेडंवाकडं अक्षर गाडीतलं, माझंच होतं. तरी "माझी आहेत" असं लिहायला हात धजेना. मी कळवलं, "मला ठाऊक नाही. आली तशी छापा."

पुस्तक आलं तेव्हा आबा होते. त्यांनी ते डाव्या हातानं छातीवर धरलं आणि दिवसभर कुणाला घेऊ दिलं नाही, मलासुद्धा.