माका आणि दगडी पाला

आष्ट्याच्या बाजारात केसाचं तेल विकणारा तो माणूस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक बाटली खपली की तो खिशातून कंगवा काढायचा आणि स्वतःचे काळेभोर केस मागे फिरवायचा. जणू ते केस त्याने शेतात पिकवले होते.

टायफॉइडनंतर माझ्या भाचीचे केस मुठीने गळत होते आणि आठवडाभरात तिला बघायला पाहुणे येणार होते. तिने बाटली हातात घेतली. टोपलीतला पाला दाखवत तो म्हणाला, "अस्सल माका हाय ताई. ह्यातच तेल उकळलंय."

मी टोपलीत बघितलं. माका कालव्याच्या ओलीला येतो, त्याचं बारकं पांढरं फूल पानाच्या बगलेत बसतं. ही फुलं मधे पिवळी, लांब दांडीवर ताठ उभी. हा तर बांधावरचा दगडी पाला! दोघं एकाच घरचे, पण गुण वेगळे.

परक्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही. मी एक पान घेऊन तळहातावर चोळलं. माका असता तर थोड्या वेळात हात काळा पडला असता. माझा हिरवाच राहिला. तो मी भाचीपुढे धरला.

"मामा, ह्ये काळं पडंना की," ती मला म्हणाली.

"उनानं हाय ते. पाला काय बगताय, माझं केस बगा!" त्याने पुन्हा ऐटीत कंगवा फिरवला.

आम्ही बघितले. घामाबरोबर कानामागून काळा ओघळ उतरत होता आणि त्याची पांढरी कॉलर माका चोळल्यासारखी काळी झाली होती.

भाचीने बाटली खाली ठेवली.