खाणीचं पाणी बंगळुरात

रिपोर्टावर सही झाली की फाइल बंद होते. पण किस्से कुठल्या फाइलीत घालणार? ते डोक्यातच साठत जातात. आमच्या लॅबमधले जुने लोक कॉफीला जमले, एकानं एक किस्सा सांगितला, की दुसरा लगेच म्हणतो, "अरे थांब, तो राहिलाच की!"

पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट. चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीभोवतीच्या विहिरींचं आणि नाल्याचं पाणी तपासायला बंगळुरात आमच्या लॅबकडं यायचं. खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात सोडत. ते विहिरींत उतरतंय का, हे आम्ही बघायचं. श्यामराव आमचे साहेब, गुंडूअण्णा अटेंडर आणि मी ज्युनियर केमिस्ट. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. त्यामुळं घरची मराठी निम्मी कानडी!

*

एकदा सहा ठिकाणांहून सहा बाटल्या आल्या. तपासल्या, तर सहांचे आकडे एकसारखे! पुन्हा तपासल्या. पुन्हा तेच. विहीर आणि नाला सारखे कसे? नोकरी नवी, चूक माझीच असणार!

गुंडूअण्णा पार्सल ऑफिसात चौकशी करून आला. गुंतकलला गाडी बदलताना बाटल्यांची बुचं उडून पाणी सांडलं होतं. तिथल्या एका भल्या हमालानं सगळ्या बाटल्या प्लॅटफॉर्मच्या नळावर काठोकाठ भरून, बुचं घट्ट बसवून पुढं पाठवल्या होत्या!

श्यामरावांनी खाणीला पत्र लिहिलं, "गुंतकल स्टेशनचं पाणी उत्तम आहे. कृपया आता तुमचं पाठवा."

*

त्याच सुमारास मी आईबरोबर मुलगी बघायला चिकपेटेमागच्या गल्लीत गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काम काय करता?"

"पाण्याचं काम."

"सरकारी आहे हो!" आईनं घाईघाईनं जोडलं.

त्यांचा चेहरा खुलला. आत जाऊन बायकोशी कुजबुजले. उप्पीट दुसऱ्यांदा आलं. निघताना ते आम्हाला पार कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "आमच्या गल्लीत सकाळी स्वल्प लौकर सोडता येईल का?"

लग्न झालं. खरं काय ते सांगूनही झालं. पण नळ आला नाही की सासरे शेवटपर्यंत माझ्याकडंच बघायचे!

*

मग श्यामरावांनी मलाच खाणीवर पाठवलं. "तू मराठी माणूस. तुला तिथं भाषेची अडचण नाही."

गावच्या विहिरीवर एक बाई पाणी ओढत होती. मी अगदी अदबीनं म्हणालो, "अक्का, स्वल्प पाणी बाटलीत घाला की."

ती बघतच राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "अवं, ह्या साहेबाले मराठी येत नाही वाटते. कोनाले तरी बोलाव!"

हातवारे करून मी बाटली पुढं केली. तिनं भरून दिली. देताना मात्र हसली नाही. म्हणाली, "पहिले हे पानी गोड होतं जी. आता याच्यात डाळ शिजत नाही. लेकराइले हेच पाजतो, दुसरं आनाव कुठून?"

हे सगळं मला नीट कळलं. मी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

*

परतताना बाटल्या माझ्याजवळच होत्या. नेलेल्या पुरल्या नाहीत, म्हणून गावात मिळतील त्या घेतल्या होत्या. म्हणजे ब्रँडीच्या रिकाम्या! आणि दिवस दारूबंदीचे. वाटेत एका स्टेशनवर हवालदारानं धरलं.

"पाणी आहे," मी म्हणालो.

"सगळे हेच म्हणतात!"

त्यानं बूच काढून नाक लावलं. सडक्या अंड्यांचा वास! दोन पावलं मागं सरून तो म्हणाला, "हे कोण पितं?"

"अख्खं गाव पितं. म्हणून तर तपासायला नेतोय."

त्यानं गुपचूप बूच लावलं. आणि डब्यातल्या लोकांना सरकवून मला खिडकीजवळ जागा करून दिली.

*

त्या पाण्यावर श्यामरावांनी शेरा मारला, "पिण्यास अयोग्य." आता गावाला पाणी पुरवायची जबाबदारी खाणीवर येणार होती. त्यामुळं मॅनेजर स्वतः बंगळुरात येऊन धडकले. एवढ्या लांब जाणारच आहात, तर मीही येते म्हणून त्यांची बायकोही आली. चिकपेटेत साड्यांची खरेदी उरकून बाई थेट लॅबमध्ये येऊन पिशव्या सांभाळत बसल्या.

मॅनेजरांनी टेबलावर हात आपटला. "शेरा बदला!"

"पाणी बदला. शेरा आपोआप बदलेल," श्यामराव म्हणाले.

मॅनेजरांची ओळख वरपर्यंत, आणि श्यामरावांचं प्रमोशन तेव्हा वरच अडकलेलं. मी ब्युरेट हातात धरून नुसता उभा. शेरा शेवटपर्यंत बदलला नाही आणि पुढच्या उन्हाळ्याआधी गावाला लांबून नळ आला, हे आत्ताच सांगून टाकतो. पण त्या दिवशी काय होईल, काही भरवसा नव्हता.

मॅनेजरांनी आवाज आणखी चढवला. "गावकरी उगाच ओरडतात! अहो, त्याच विहिरीचं पाणी माझ्या बंगल्यावर येतं. आम्ही दोघं रोज तेच पितो!"

पिशव्यांवरून बाईंनी मान वर केली.

"कधीपासून?"