दुर्गा सिस्टरची बदकं

दुर्गाबाईंचं इंजेक्शन दुखत नसे. बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. बाहेरच्या बाकावर भोकाड पसरणारी पोरं आत गेली की 'झालं पण?' असं विचारत चड्डी वर करायची. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अकोल्यातली गल्ली त्यांना अजून सिस्टरच म्हणते. पण स्वतःच्या हाताचा त्यांना खरा अभिमान कशाचा, हे विचाराल तर इंजेक्शनाचं नावही निघायचं नाही. त्या सांगतील बदकांचं.

बदकं म्हणजे टीव्हीतली. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुलगा अनुप चांगल्या मार्कांनी पास झाला, म्हणून त्यांनी अमरावतीहून त्याला टीव्ही गेम आणला. काळा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि केशरी प्लास्टिकची बंदूक. कॅसेटवर शेकड्यांनी खेळ असल्याचं छापलं होतं. खरे होते चार-पाच, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. बक्षीस अनुपचं होतं खरं, पण अनुप शाळेतून यायचा संध्याकाळी आणि सिस्टर ड्युटीवरून यायच्या दुपारी. मधल्या वेळात बंदूक कोणाच्या हातात असायची, हे त्या बिचाऱ्याला दहावीपर्यंत कळलं नाही.

शेजारच्या नईमाबी आधी नुसत्या पाहायला आल्या. त्यांच्या मालकांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि दुपारी घरात कोणी नसे. 'हे काय पोराटोरायचं खूळ,' असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं, मग एकदा बंदूक हातात घेऊन पाहिली आणि चहा निवला तरी परत दिली नाही. गवतातून बदक फडफडत उठायचं, ठो करायचं, बदक धपकन खाली. तेवढ्यावर दोन संसारी बाया दुपारभर हसून हसून पोट धरायच्या!

कॅसेट अडली की साऱ्या गल्लीत फुंकर मारायची पद्धत होती. सिस्टरना ते मुळीच पटायचं नाही. "थुंकी उडवतेत अन् मंग म्हणतेत कॅसेट खराब झाली," असं म्हणत त्या स्पिरिटचा बोळा फिरवायच्या, दंडावर फिरवावा तसा. दुसरी भानगड अडॅप्टरची. अकोल्याच्या मे महिन्यात तो हात लावू देत नसे, म्हणून त्याला कूलरसमोर पाटावर बसवायचे. आधी अडॅप्टरला हवा, उरली तर माणसांना.

मग नईमाबींच्या मालकांनी दुकान अचलपूरला हलवायचं ठरवलं. सामान सकाळी निघणार, आणि आदल्या दुपारी दोघींनी शेवटचा सामना लावला. जिंकेल ती जन्माची चॅम्पियन. नईमाबींचा डाव झाला. सिस्टरचा सुरू झाला आणि बघता बघता बरोबरीला आला. शेवटचं बदक गवतातून उठलं, सिस्टरचं बोट घोड्यावर आवळलं, आणि पडदा काळाठिक्कर.

"लाईट गेली," नईमाबी म्हणाल्या.

सिस्टरना काही दिसतच नव्हतं, कारण डोळे भरून आले होते. नईमाबींनी त्यांना घट्ट मिठी मारली, बुरखा चढवला आणि कूलरच्या वाऱ्यानं फडफडणारा दाराचा पडदा सारून त्या निघून गेल्या.

तेव्हापासून फोनचा शेवट ठरलेला. नातवंडं, गुडघे, बीपी सगळं बोलून झालं की नईमाबी म्हणणार, "पन जितली मी होती." सिस्टर म्हणणार, "लाईट गेली म्हणून वाचली तू." मग दोघी हसत फोन ठेवणार. लग्नाकार्यात भेटी झाल्या, पण लग्नात काय कोणी बंदूक घेऊन जातं?

यंदाच्या मे महिन्यात मात्र नईमाबींचा फोन आला. भाचीचं लग्न अकोल्यातच होतं. "एक दुपार मोकळी काढली म्या. बंदूक हाये का फेकली?"

फेकतात कशाला? दिवाणाच्या पेटीत, ड्युटीच्या पांढऱ्या साडीत सगळं गुंडाळून ठेवलेलं होतं. अमरावतीच्या नोकरीतून रजा काढून अनुप वायरी जोडायला आला. भिंतीवर त्यानंच घेतलेला मोठा चपटा टीव्ही. पिनांना स्पिरिट लागलं, बदकं उडाली, सिस्टरनी एक डोळा मिटला आणि घोडा दाबला. बदक गेलं उडून. दुसरंही गेलं. त्या जवळ सरकल्या, पार पडद्याला नळी टेकवली, तरी एक पीस पडेना.

सिस्टर मटकन पलंगावर बसल्या. इतका वेळ टुणटुण उडणारी बाई एकदम म्हातारी दिसायला लागली.

"हात गेला रे माया," त्या म्हणाल्या. "नईमाले सांग, मले ताप हाये. येऊ नको म्हणा."

अनुप मोबाईलमध्ये काहीतरी शोधत राहिला आणि अचानक खदखदून हसला. "आई, अवं ही बंदूक चपट्या टीव्हीवर चालतच नाई. हिले जुना डबा टीव्हीच लागते."

"म्हंजे हात ठीक हाये?"

"हात ठीक हाये. टीव्ही चुकला."

सिस्टरनी भर दुपारी, दाराखिडक्या उघड्या असताना, चक्क गिरकी घेतली. अनुपनं त्यांना धरलं म्हणून बरं.

आता डबा टीव्ही आणायचा कुठून? गल्लीनं आपापले डबे कधीच भंगारात घातले होते. राहिला होता एकच, सहदेवच्या सलूनमध्ये, आरशाच्या वर. आणि त्या सलूनचा उंबरठा आजवर कुठल्या बाईनं ओलांडला नव्हता.

"सिस्टर, इथं?" सहदेव वस्तरा हातात धरून म्हणाला. "गिऱ्हाईक बसलं हाये."

"बसू दे. लहानपनी तुया ढुंगनावर सुया कोनं टोचल्या रे?"

गिऱ्हाईक फिसकन हसलं. सहदेव मुकाट्यानं बाजूला झाला.

नईमाबी आल्या त्या लग्नाच्या जरीच्या ओढणीत, अत्तराचा घमघमाट घेऊन. फिरत्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी स्वतःला एक चक्कर मारून घेतली आणि मग म्हणाल्या, "हां, आता लाव." अनुपनं टीव्ही आणि गेम खुर्चीजवळच्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर जोडले. अडॅप्टर कूलरसमोर ठेवायला सिस्टर विसरल्या नाहीत. बातमी फुटली आणि दारात ही गर्दी झाली. अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक दाढी विसरून पंच झालं.

नईमाबी चष्मा कपाळावर सारून खेळल्या आणि भल्या खेळल्या. मग सिस्टर उभ्या राहिल्या. पहिलं बदक धपकन पडलं तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या किराणावाल्यानं शटर ओढायला हात घातला. दुसरं पडलं, तिसरं पडलं. हात कसा, दगडासारखा स्थिर! डाव बरोबरीला आला. गवतातून शेवटचं बदक उठलं, सिस्टरनी श्वास धरला, बोट आवळलं.

पडदा काळाठिक्कर.

"लाईट गेली," नईमाबी म्हणाल्या.

"कुठं गेली?" सहदेव वर बघत म्हणाला. "कूलर तं चालू हाये."

सिस्टरनी कूलरकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. नईमाबींची चप्पल निघालेली होती आणि पायाचा अंगठा एक्स्टेन्शन बोर्डाच्या बटणावर होता. सिस्टरच्या डोळ्यांसमोर तो दाराचा फडफडणारा पडदा आला. त्या दिवशीही कूलर चालूच होता की!

"नईमे! त्या दिवशी बी तूच?"

नईमाबींनी ओढणीत तोंड खुपसलं. त्या हसत होत्या, की रडत होत्या, की दोन्ही, हे सहदेवलाही सांगता आलं नसतं.

"सकाळी सामान जानार होतं," त्या म्हणाल्या. "डाव संपला असता तं मंग काय राह्यलं असतं वं? तुले फोन करून काय बोलली असती मी?"

त्या दिवशीही बाजी आपलीच होती, हे सिस्टरना आत्ता कळलं होतं, आणि त्याचा आनंद झाला म्हणावं तर डोळे मात्र नईमाबींवरून हलेनात. अनुप बटण दाबायला वाकला. पंच ओरडला, "सिस्टर, मारा, मारा, होऊन जाऊ द्या!"

सिस्टरनी अनुपचा हात धरला. बंदुकीची वायर काढून नीट गुंडाळली, बंदूक पिशवीत टाकली आणि नईमाबींना खुर्चीतून उठवलं.

"चल, चहा पाजतो तुले," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नईमाबी अचलपूरच्या एसटीत बसल्या. गाडी अकोटला पोचायच्या आत सिस्टरचा फोन वाजला. गुडघ्यांची चौकशी झाली, बीपीची झाली, सहदेवच्या गिऱ्हाईकाची उरलेली दाढी झाली का तेही झालं. मग पलीकडून हळूच आवाज आला, "पन जितली मी होती."

सिस्टरनी डोळे पुसले आणि ठणकावून सांगितलं, "लाईट गेली म्हणून वाचली तू."