चेनला लावलेलं खोबरेल

अन्याय माझ्या आईवर झाला. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेसहाला, मुलुंडच्या अलीकडे, हायवेच्या सर्व्हिस रोडवर. आई सायकलवर होती. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा, चाल बेताची. चहाच्या टपरीपाशी ओळीने मोटारी उभ्या होत्या. त्यातल्या एका पांढऱ्या मोटारीतल्या माणसाने मागे न बघता दार उघडलं. आई त्या दारावर आपटली आणि रस्त्यावर पडली.

मी तिच्या मागेच होते. सायकल टाकून धावले. तो माणूस उतरला, त्याने आधी दाराची कड चाचपली, मग आईकडे बघितलं. म्हणाला, "काकी, या वयात ही थेरं कशाला?"

आणि माझी आई, कोपरातून रक्त येत असताना, त्याला म्हणाली, "सॉरी हां. तुमच्या गाडीला लागलं नाही ना?"

दार मी एखाद वेळी विसरेन. ते सॉरी मला अजून पचलेलं नाही.

माझी आई पालिकेच्या शाळेत शिकवते, पाचवीचा वर्ग. पन्नाशी ओलांडली आहे. आजोबा गिरणीत होते, पण मे महिना मालवणकडच्या गावी जायचा, आणि तिथल्या विहिरीत पाठीला सुके नारळ बांधून ती पोहायला शिकली. सायकलही तिथेच शिकली, तिच्या मामाची, नळीखालून पाय घालून. मग लग्न, विक्रोळी, शाळा, मी. पोहणं नाही, सायकल नाही. दोन वर्षांपूर्वी पालिकेच्या तलावावर बायकांची बॅच सुरू झाली, तेव्हा ती पुन्हा पाण्यात उतरली. तिथल्या एका मुलीने तिला सांगितलं की अशी एक शर्यत असते, आधी दोनेक किलोमीटर पोहायचं.

"आणि मग?" आईने विचारलं.

मग नव्वद किलोमीटर सायकल.

"आणि मग?"

मग एकवीस किलोमीटर धावायचं.

आई म्हणाली, "मग जेवायला घालतात ना?"

घालतात म्हटल्यावर तिने नाव दिलं. शर्यत फेब्रुवारीच्या शेवटी, कोकणातल्या एका किनाऱ्यावर. घरात सांगितलं ते दिवाळीचा फराळ करताना, चकली पाडता पाडता. बाबा विक्रोळीच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते चकली खात म्हणाले, "रस्त्यावर एकटी जाऊ नको. हिला घेऊन जा." म्हणजे मला.

पोहणं तिला येतच होतं, धावणंही हळूहळू जमत होतं. प्रश्न सायकलचा होता. म्हणून थंडीत रोज पहाटे आम्ही निघायचो. मुंबईची थंडी ती काय, पण आई डोक्याला स्कार्फ गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवायची आणि कुठल्या तरी मोहिमेवर निघाल्यासारखी दिसायची. विक्रोळीहून निघायचं, उजवीकडे खाडीवर धुरकं, कांदळवनाचा चिखलाचा वास, मुलुंड टोलनाक्यापर्यंत जायचं, वळायचं, पुन्हा जायचं. तलावावर शिकवणाऱ्या पोराने रोज अंडी खायला सांगितली होती. मार्गशीर्षात आमच्याकडे अंडं सोडा, सुकटीचा वासही येत नाही. आईने त्याला कळवलं की लक्ष्मी उठेपर्यंत शेंगदाण्यांवर भागवू.

आणि खोबरेल. आमच्या घरात खोबरेल सगळ्याला चालतं. केसांना, भाजल्याला, कुरकुरणाऱ्या दाराला. दिवाळीच्या पाडव्याला आईने नव्या सायकलची पूजा केली, हँडलला झेंडू बांधला आणि चेनला खोबरेल चोळलं. मी म्हटलं, अगं, धूळ चिकटते त्याला, वाट लागेल चेनची. दुकानातून चेनचं खास तेल आणून दिलं. तिने ते हुंगलं आणि चपलांच्या मांडणीमागे ठेवून दिलं. "घराबाहेर पडायचं तर तेल-वेणी करून पडायचं," म्हणाली, "मग ती मी असो नाहीतर ही." थंडी पडली त्या सकाळी खोबरेल चेनवर पांढरं थिजलं, सायकल करकर करू लागली. मी पुष्कळ हसले. ती अजिबात हसली नाही. तांब्यात गरम पाणी आणलं आणि फडकं बुडवून चेन शेकत बसली, बाळाची छाती शेकावी तशी.

मग तो रविवार.

मनगट मुरगळलं, कोपराला चार टाके पडले. हे भरून येतं. भरून येईना ते दुसरंच. त्या माणसाचं वाक्य आमच्या घरी राहायला आलं. मावशीचा कांदिवलीहून फोन: या वयात कशाला? शाळेतल्या बाई फळं घेऊन आल्या: या वयात कशाला? टाके काढताना डॉक्टर हसत हसत तेच म्हणाले. मोटारवाल्याला कुणी काही विचारलं नाही. याचाच मला संताप येतो. दार त्याने उघडलं, आणि उत्तरं द्यायची आईने.

मनगटाचं बँडेज सुटल्यावर तलावावरच्या मुलीने स्वतःचा स्टँड दिला. सायकलचं मागचं चाक त्यावर चढवायचं आणि घरातल्या घरात पायडल मारायचं. आई हॉलमध्ये, टीव्हीकडे तोंड करून, घामाने निथळत पायडल मारायची. चेनला आता दुकानातलं तेल मी लावायचे आणि ती लावू द्यायची. मला तेच आवडलं नाही. एकदा सीटवरूनच म्हणाली, "बघ गो, घाण्याचो बैल झालंय मी." मी म्हटलं, मग चल ना बाहेर. ती म्हणाली, उद्या. तो उद्या संक्रांतीनंतरही आला नाही. शर्यतीत नव्वद किलोमीटर रस्ता होता, हॉल नव्हता, आणि हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी मला येतं ते केलं. मी एका नागरिक संघटनेसाठी पत्रकं लिहिते. फुटपाथसाठी, बसथांब्यासाठी, शाळेसमोरच्या गतिरोधकासाठी लिहिली आहेत. पत्रकाची रीत आम्हाला घोटून घोटून शिकवलेली: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी. मी आईवर पत्रक लिहिलं. एका शिक्षिकेचं रक्त सांडतं तेव्हा प्रशासन झोपलेलं असतं, वगैरे. वर तिचा फोटो टाकला, हात गळ्यात बांधलेला.

तिने ते वही तपासावी तसं वाचलं. फोटोवर बोट ठेवलं.

"ही कोण?"

"तू."

"मी अशी दिसते?" मग कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "मला खांबावर चिकटवू नकोस गं. वर्गातली मुलं त्याच रस्त्याने येतात."

मी चिडले. म्हटलं, तू गप्प बसलीस म्हणून तो माणूस आजही तसंच दार उघडत असेल. ती आत गेली, आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, घासायला भांडी नव्हती तरी.

त्यानंतरच्या रविवारी मला उशिरा जाग आली. हॉलमध्ये आले तर स्टँड रिकामा. सायकल दाराशी भिंतीला टेकवलेली. मी वाकून बघितलं. चेन पांढरी होती. कडीकडीत खोबरेल थिजलेलं, इतकं की दातेही दिसत नव्हते.

आई बाजूला उभी होती. स्कार्फ बांधलेला, हेल्मेट हातात, चेहरा चोरी पकडल्यासारखा. "रात्री लावलं," म्हणाली. "पहाटे निघायचं होतं. आता ही फिरतच नाही."

चेन, धूळ, दुकानातलं तेल, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. बाबा आतून आले, त्यांनी चेन बघितली, सायकल उचलली आणि बाल्कनीत नेऊन ठेवली, जिथे थंडीत खोबरेलाची बाटली ठेवतात तिथे. "ऊन येईल आता," म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

आम्ही तिघं बाल्कनीत बसून उन्हाची वाट बघत राहिलो. समोरच्या इमारतीच्या टाकीवरून ऊन उतरलं, ग्रिलवर आलं, मागच्या चाकावर आलं. चेनवरचं पांढरं आधी काचेसारखं झालं, मग एकेक थेंब खालच्या वर्तमानपत्रावर पडू लागला. आईने बोटाने पायडल फिरवलं. आवाज आला नाही.

"भीती वाटते गं," ती सायकलकडे बघत म्हणाली. "पडायची नाही. पुन्हा कुणी तसं म्हणेल त्याची."

मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या.

निघालो तेव्हा रस्ता जागा झाला होता. टपरीपाशी तशाच मोटारी उभ्या होत्या. आई उतरली. ती सगळी ओळ तिने सायकल हाताने ढकलत पार केली, मग पुन्हा चढली. मी मागे. दुसऱ्या फेरीला मला वाटलं, उतरेल. ती उतरली नाही. दारांपासून हातभर लांब राहून, वर्ग गप्प करायच्या आवाजात ती प्रत्येक मोटारीला म्हणत गेली, "दार. दार. दार." एका काचेमागच्या बाईने दाराच्या खटक्यावरचा हात आगीवरून घ्यावा तसा मागे घेतला.

घरी येऊन ती जमिनीवरच बसली, पाय पसरून. बाबांनी चहा दिला. मला म्हणाली, "तुझा तो कागद लिही आता. माझ्यावर नको, दारावर लिही. आणि नीट सांग, माणसांना सांगितलं की कळतं."

शर्यत येत्या रविवारी आहे. त्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावायचं नाही, एवढं तिने कबूल केलं आहे. माझा विश्वास नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही मोटारीत पुढे उजवीकडे बसता, दार तुमच्या उजव्या हाताशी असतं. ते उजव्या हाताने उघडू नका. डावा हात पलीकडे न्या आणि त्याने उघडा. खांदा आपोआप वळेल, मान वळेल, मागचा रस्ता दिसेल. त्या रस्त्यावर माझी आई असेल. आधी तिला जाऊ द्या, मग उतरा. आणि तिचं वय विचारू नका.