मीठ ठीक आहे, चीफ

दर रविवारी सकाळी आम्ही चौघे दिल्लीत मयूर विहारला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जमतो. चौघेही नौदलातून निवृत्त झालेले साधे खलाशी. अफसर कुणीच नव्हतो. मी सिग्नलवाला, म्हणजे झेंड्यांनी आणि दिव्यांनी दुसऱ्या जहाजाशी बोलणारा. एक हरियाणाचा, त्याची सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली, त्याला आम्ही अजून स्टोकरच म्हणतो. एक केरळचा रेडिओवाला. आणि चौथे चीफ. ते मालवणकडचे, जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, मुख्य आचारी होते. आमच्या सगळ्यांत वडील. आता मुलाकडे नोएडाला राहतात आणि स्टीलचा मोठा डबा मांडीवर घेऊन मेट्रोने येतात.

गच्चीवर बायकामुलांना कळणार नाही अशी भाषा चालते. बाजारात जाणं म्हणजे 'लिबर्टी', जहाजावरून किनाऱ्यावर उतरायची सुट्टी. कुणाच्या घरून फोन आला की, ‘तेरा पाइप हो गया’, कारण जहाजावर कर्ण्यातून निघणाऱ्या हुकुमाला पाइप म्हणत. विनोद तेच ते, वर्षानुवर्षांचे. स्टोकर नवा भरती झाला तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं होतं, पुढे उभा राहा आणि विषुववृत्ताची रेघ दिसली की ओरड, जहाज उचलून पलीकडे ठेवायचंय. हा खरंच उन्हात उभा राहिला.

"और मैंने देखी थी!" स्टोकर दर वेळी म्हणतो. "लाल रंग की. इस सिग्नलवाले को नहीं दिखी, इसकी तो भरती ही सिफारिश से हुई थी."

मग खाण्याच्या आठवणी निघतात. समुद्र खवळला की चीफ पातेली अर्धीच भरायचे, पोटाला दोरी बांधून स्वतःला कठड्याला जखडायचे आणि बाकीचं जहाज ओकत असताना कांदा चिरायचे. "तेवढं एक बरं होतं," ते सांगतात, "त्या दिवशी जेवणाला नावं ठेवायला कुणी शुद्धीवर नसायचं."

जहाजावर जेवण वाढण्याआधी त्या दिवशीचा ड्यूटी अफसर गॅलीत यायचा, प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखायचा आणि ठीक म्हणायचा. त्याशिवाय कुणाच्या ताटात काही पडत नसे. गच्चीवर आम्ही हा रिवाज पुन्हा सुरू केला. चीफ डबा उघडून पहिला चमचा माझ्या हातात देत, कारण मी वयाने सगळ्यांत लहान. "आयुष्यात अफसर झाला नाहीस," ते म्हणाले होते, "आता दर रविवारी हो." मी छाती काढून उभा राहायचो, चाखायचो आणि मनसोक्त शिव्या द्यायचो. पोहे आहेत की भुसा? या उपम्यावर जहाजात बंड होईल, चीफ! ते कमरेवर हात ठेवून उलट ऐकवायचे, "तुझ्या आईनं तुला चाखायला शिकवलं नाही, मी काय करू?"

दोन वर्षांपूर्वी चीफच्या पत्नी वारल्या. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना ताप आला, चांगलाच लांबला. त्यातून उठून ते पहिल्यांदा गच्चीवर आले तेव्हा स्वेटरमधून नुसते खांदे दिसत होते. डबा मात्र होता. साबुदाण्याची खिचडी. मी चमचा तोंडात घातला. मीठ नुसतं जास्त नव्हतं, गिळवत नव्हतं. चीफ माझ्याकडे बघत होते. अगदी टक लावून, पापणी न हलवता.

"ठीक आहे, चीफ," मी म्हणालो. "मीठ ठीक आहे."

त्यांचे खांदे जरा खाली आले. बाकी दोघांनी घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. सिग्नलवाल्याला तेवढं जमतं.

ते मेट्रोकडे गेल्यावर आम्ही जिन्यात उभे राहून पाणी प्यायलो. रेडिओवाला म्हणाला, "बोलना चाहिए." स्टोकर म्हणाला, "किस मुँह से? आदमी अभी खड़ा हुआ है." आणि मग, मला हे लिहायला लाज वाटते, आम्ही हसलो. पुढच्या रविवारपासून तो आमचा विनोदच झाला. चीफ यायच्या आधी स्टोकर बाटल्या भरून ठेवी आणि म्हणे, ‘टंकी फुल कर लो, सेलिंग पर जाना है.’ मीही हसत असे. मग चीफ वर येत, मी चमचा घेई आणि ठीक आहे म्हणे. कधी जास्तच वाईट वाटलं तर ‘फर्स्ट क्लास’ म्हणे. शिव्या द्यायचं आपोआप बंद झालं होतं. मी स्वतःला समजावत होतो की ही दया आहे. खरं तर मला तो एक अवघड क्षण नको होता, दुसरं काही नाही.

या वर्षी त्यांच्या मुलाने नोएडात नवा फ्लॅट घेतला. चीफ म्हणाले, वास्तुशांतीच्या जेवणाला मसालेभात मी करणार. आठवड्याभराने त्यांच्या सुनेचा मला फोन आला.

"काका, एक विचारू? खरं सांगाल ना? आजारपणापासून घरी मी बाबांना गॅसपाशी उभं राहू देत नाही. हात थरथरतात, भीती वाटते. रविवारचं तेवढं पहाटे उठून करतात, आणि आमच्यासाठी न ठेवता सगळं तुमच्यासाठी घेऊन येतात. तुम्ही दर रविवारी खाता. पाहुण्यांचं जेवण त्यांच्यावर सोपवू ना?"

तिने इतकं सरळ विचारलं होतं. तेव्हाही मी म्हणालो, "बिनधास्त सोपव. हात तसाच आहे त्यांचा."

वास्तुशांतीला आम्ही तिघेही गेलो. चीफ पांढऱ्या शुभ्र शर्टात, हातात झारा घेऊन पातेल्यापाशी उभे होते आणि स्वतः वाढत होते. पहिल्या पंगतीने पहिला घास घेतला आणि बोलणं थांबलं. मोठी माणसं भात बाजूला सारून पुऱ्या खाऊ लागली. एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "मम्मा, इसमें इतना नमक क्यूँ है?" आईने तिला दटावलं, ते आणखी वाईट. स्टोकरला राहवलं नाही. त्याला वाटलं, हसण्यावारी नेलं की निभेल. "चीफ, आज पानी सीधा समंदर से लिया क्या?" सगळे सुटल्यासारखे हसले. चीफ हसले नाहीत. त्यांनी झारा पातेल्यात ठेवला आणि गर्दीत शोधून माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहत होतो.

मुलाने फोन करून बाहेरून पुलाव मागवला.

त्यानंतर चीफ गच्चीवर आले नाहीत. दोन रविवार गेल्यावर मी नोएडाला गेलो. सुनेने दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला. बाल्कनीत चीफ ऊन खात बसले होते.

"चीफ, मला काही सांगायचंय."

"सांग."

"मीठ जास्त असायचं. तुम्ही तापातून उठलात तेव्हापासून. मी खोटं बोलत होतो."

"प्रत्येक रविवारी?"

"प्रत्येक."

त्यांनी नजर खालच्या पार्किंगकडे वळवली.

"माझी चव गेलीय, हे मला ठाऊक आहे रे," ते म्हणाले. "तापातच गेली. चहा नि गरम पाणी मला सारखंच. तुला काय वाटलं, मला कळलं नसेल?"

मला खरंच तसं वाटलं होतं.

"मग मी चमच्याने मोजून मीठ घालायला लागलो. जन्मात कधी मोजलं नव्हतं. माप बरोबर की चूक, ते मला कसं कळणार? घरी करू देत नाहीत. तू चाखायचास, त्यावरून कळायचं. आधी तू शिव्या द्यायचास. मग ठीक म्हणायला लागलास. मला वाटलं, जमलं आपल्याला. तेच माप पक्कं केलं आणि मोठ्या पातेल्याला त्याच हिशेबाने घातलं."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाईट?" ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "गॅलीत अफसर माझ्यासमोर थुंकून गेलेत. पातेलं समुद्रात ओतायला लावलंय, ओतलंय मी. दुसरं केलंय. त्याने माणूस मरत नाही. तू माझी जीभ होतास, गाढवा. घरी सून तुला विचारते, तिलाही तू तेच सांगितलंस."

मी माफी मागितली. ते "चहा निवतोय," एवढंच म्हणाले. निघताना सुनेलाही मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, बाबा आता स्वयंपाकघरात येतच नाहीत. मी बोलावलं तरी येत नाहीत."

थंडी सरता सरता एका रविवारी चीफ आले. डबा घेऊन. सून त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला आली होती, असं त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणजे ते पुन्हा स्वयंपाकघरात गेले असणार, तिच्या देखत. गच्चीवर कुणी विनोद केला नाही. त्यांनी झाकण उघडलं. कांदेपोहे होते. त्यांनी चमचा भरला आणि माझ्यापुढून नेऊन स्टोकरला दिला.

स्टोकरने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग चाखलं. "नमक कम है, चीफ. काफी कम. अस्पताल का खाना है ये."

"कितना कम?"

"आधा चम्मच और मार सकते थे."

"आधा मतलब? भरा हुआ कि सपाट?"

त्यावर दोघांची खूप वेळ हुज्जत चालली. रेडिओवाला मध्ये पडला, त्याच्या मते पाव चमचा पुरे होता. चीफचा आवाज चढला, हात हलू लागले. मी माझी बशी घेऊन कठड्यापाशी बसलो आणि खाल्लं. मीठ खरंच कमी होतं. पाव चमच्याने नव्हे, अर्ध्यानेच, स्टोकरचं बरोबर होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.