आधी हिला सोडा

"युअर वनला आधी सोडा. ती पडली नाही, तर तुम्ही सगळ्या ग्रँड."

आमच्या सायकल टीमचा मॅनेजर डेक्लन सरावाच्या वेळी व्हॅनच्या खिडकीतून हे बोलला. विकलोच्या डोंगरमाथ्यावर, भुरभुर पावसात. आम्ही पाच जणी सायकलींवर एक पाय टेकून उभ्या होतो. चौघी हसल्या.

युअर वन म्हणजे मी. आयर्लंडमध्ये 'ती कोण ती बाई' म्हणायचं असलं की 'युअर वन' म्हणतात, आणि सगळं ठीक असलं की 'ग्रँड'. माझं नाव तीन अक्षरांचं आहे. जर्सीवर छापलेलं होतं. सात महिन्यांत डेक्लनला ते एकदाही घ्यावंसं वाटलं नाही.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याची लाज मला अजून वाटते. हसले आणि उतारावर सायकल सोडली.

टीव्हीवर उतार फार देखणा दिसतो. प्रत्यक्षात अंगठ्याएवढ्या रुंद टायरवर मोटारीच्या वेगानं खाली जायचं असतं. वळणावर खडी. सावलीत शेवाळ. मेंढ्यांच्या ओल्या लेंड्या, कधी अख्खी मेंढीच रस्त्यात उभी. मला भीती वाटते. आधीपासून वाटायची. उताराच्या आदल्या दिवशी घास गिळवत नसे. सकाळी व्हॅनच्या मागं जाऊन ओकायची, तोंड पुसून परत यायची. ब्रेकवर बोटं इतकी आवळलेली असत की खाली पोचल्यावर दुसऱ्या हातानं उलगडावी लागत.

माझ्या मागं पन्नासेक पावलांवर ईफा. टीमची मुख्य रायडर. तिच्या वडिलांच्या कंपनीचं नाव आम्हा सगळ्यांच्या छातीवर. तिचं लक्ष माझ्या मागच्या चाकावर असायचं. चाक घसरलं की ती आधीच ब्रेक दाबायची. त्या हंगामात मी चारदा पडले. ईफा एकदाही पडली नाही.

आणि मला तो मान वाटायचा. मूर्खपणा बघा. गावाकडं आमच्या सायकल क्लबात सर ज्या पोरावर खूश असत त्यालाच पुढं ठेवत. पुढं राहील तो दमदार, एवढंच मला ठाऊक. आयर्लंडला आले, पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या पुढं. छाती फुगली होती माझी.

मी ओंगार नावाच्या उपनगरात खोली भाड्यानं घेतली होती. घर पुण्याच्या एका जोडप्याचं. वहिनी हॉस्पिटलात डॉक्टर. चौथ्यांदा पडले तेव्हा माझी सोललेली मांडी साफ करता करता म्हणाल्या, "अगं, पण दॅट्स ट्रस्ट ना? तुला लीड करायला देतात! एवढी इंटरनॅशनल टीम!"

मांडीची आग होत होती, तरी ऐकून बरं वाटलं.

त्या आनंदातच पप्पांना फोन लावला. पप्पांनी सगळी नोकरी गावच्या गटारांत काढली. ते काम आमच्याच आळीतल्या माणसांना मिळायचं, दुसऱ्या कुणी त्यासाठी अर्जसुद्धा केला नसता. मी फुशारकी मारली. "पप्पा, इथं मला सगळ्यांच्या पुढं सोडतात."

"का गं? कशापायी पुढं सोडत्यात?"

"रस्ता कसा आहे ते कळावं म्हणून."

 

"मलाबी पुढंच सोडायचे," ते म्हणाले. "मुकादम वर उभा, नाकाला रुमाल लावून. म्या आत उतरून हाक दिली की मग बाकीचे उतरायचे. हाक न्हाई आली, तर दुसरं कुणी उतरायचं न्हाई. एवढंच."

मग त्यांनी विचारलं, जेवलीस का.

जेवले म्हणाले आणि फोन ठेवला.  पप्पांच्या हाताचा वास, अंगणात घासून घासून केलेली अंघोळ, सगळं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. समुद्र ओलांडून विमानानं आले आणि पोचले कुठं, तर गटाराच्या त्याच उघड्या झाकणापाशी. फक्त इथला मुकादम व्हॅनमध्ये बसून कॉफी पीत होता.

संताप आला. पण संतापापेक्षा भीती मोठी होती, खोटं कशाला बोलू? करार टीमचा, व्हिसा करारावर, आणि करार वाढवायचा की नाही हे डेक्लनच्या हातात. नाही म्हटलं की परत. आणि परत जाऊन आळीला काय सांगणार, घाबरले म्हणून?

दोन दिवसांनी पुन्हा तोच माथा, तोच पाऊस. डेक्लननं मोबाइलवरून नजरही न उचलता म्हटलं, "युअर वन आधी."

टेकलेला पाय मी उचलला नाही.

"मी पहिली जाणार नाही." आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा सांगावं लागलं. "पाळी लावा. आज ईफा, उद्या मी. नाहीतर व्हॅन पुढं घ्या."

डेक्लन हसला. "घाबरलीस होय? उतरायची भीती वाटत असेल तर घरी जा, लव्ह."

"हो, घाबरते. ईफापण घाबरते. म्हणून तर मी पुढं असते."

कुणी हसलं नाही. ईफा आपल्या हँडलकडं बघत राहिली.

"बरं," डेक्लन म्हणाला. "मार्ता, तू जा."

मार्ता पोर्तुगालची, महिन्यापूर्वीच टीममध्ये आलेली. तिनं मुकाट्यानं ब्रेक दाबून बघितले. आणि माझ्या मनात काय आलं असेल? सुटले बाई. खरंच हेच आलं. पप्पा आत असताना वर उभ्या राहिलेल्या माणसांनाही असंच हायसं वाटत असेल. माझी मलाच शिसारी आली. मी सायकल रस्त्यात आडवी घातली.

"तीही जाणार नाही."

डेक्लननं शिव्या घातल्या. मला त्या सगळ्या कळल्या. मार्तानं पाय खाली टेकवला. त्या दिवशी तो उतार कुणीच उतरलं नाही, सगळ्या सायकली व्हॅनवर चढल्या. परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी बोललं नाही. मार्तासुद्धा नाही.

रविवारच्या रेसच्या यादीत माझं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी करार नाही, हे मेलवर कळलं. त्या मेलमध्ये मात्र माझं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर.

आता मी दुसऱ्या टीमना अर्ज पाठवते. वेळा लिहिते, चढ लिहिते, पडले तेही लिहिते. शेवटी एक ओळ असते: उतारावर मी माझ्या पाळीला पुढं जाईन, तुमच्या रायडरसाठी रस्ता चाचपून देणार नाही. वहिनी म्हणाल्या, "ती ओळ काढ गं, कोण घेईल तुला? थोडं ॲडजस्ट करावं लागतं."

तीन नकार आले आहेत. व्हिसा संपत आलाय. मेल उघडताना बोटं गार पडतात. आज चौथा अर्ज पाठवला. ती ओळ मी खालून काढली आणि सगळ्यात वर टाकली.